दुबळी गुणपत्रिका आणि अवघड शाखा

अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर रुग्णालयात राहून विशेष शाखेचे शिक्षण घ्यावे लागते. १९५२ पासून तेथे उमेदवार व रुग्णालये यांच्या पसंतीक्रमांची सांगड घालून जागा भरण्याची प्रथा आहे. त्वचारोग, अस्थिशल्यक्रिया यांसारख्या शाखांत चुरस मोठी; तेथे मागील अपयश झाकले जात नाही. परंतु परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला २०२२ पासून गुणच नाहीत, केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण. साहजिकच दुसऱ्या टप्प्यातील गुणांचे वजन वाढले. तेथील यश आणि प्रत्यक्ष काम पाहिलेल्या वरिष्ठांची शिफारस, हेच दुबळ्या गुणपत्रिकेला खरे उत्तर होय. जोडीला कमी चुरशीच्या शाखेतही अर्ज करणे शहाणपणाचे. पसंतीक्रम मात्र मनातील ओढीप्रमाणेच लावावा. अवघड जागा प्रथम लिहिल्याने खालच्या जागेवरील संधी कमी होत नाही.