ऑझी गेला, डिओ आला

सांगोला-पंढरपूर भागात रात्रीच्या भजनाला बसलेल्यांना ठाऊक असतं: बुवा चाल उचलतात, पेटी मागून जाते. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या मेटल बँडमध्ये दहा वर्षं उलटं चाललं होतं. टोनी आयोमी गिटारवर जड, संथ सुरावट धरायचा आणि ऑझी ऑस्बोर्न तिलाच चिकटून गायचा. ‘आयर्न मॅन’ ऐकलं की लगेच कळतं.

१९७९ मध्ये लॉस एंजेलिसला बँडनं नव्या अल्बमसाठी मुक्काम ठोकला आणि गाडं अडलं. नशेत सगळेच होते, पण ऑझीचं मन कामातून पार उठलं होतं. त्याला काढल्याचं सांगायचं कुणी? ते काम आलं ड्रमर बिल वॉर्डवर, ऑझीच्या जिवलग मित्रावर.

गायक रॉनी जेम्स डिओ नुकताच ‘रेनबो’ हा बँड सोडून बसला होता. टोनीशी त्याची गाठ घालून दिली शेरॉन आर्डननं. मॅनेजरची ही मुलगी पुढे १९८२ मध्ये ऑझीचीच बायको झाली! टोनीनं अर्धवट पडलेली एक सुरावट वाजवून दाखवली. डिओनं तिथंच तिच्यावर गायला सुरुवात केली आणि ‘चिल्ड्रन ऑफ द सी’ उभं राहिलं.

डिओ गिटारच्या मागून जायचा नाही, तिला छेदून स्वतःची वाट काढायचा. त्यामुळे टोनीला गळ्यासाठी जागा सोडावी लागली, कॉर्ड्सचा वेगळा विचार करावा लागला. माझ्या मते बँड खरा बदलला तो इथे, टोनीच्या हातात. पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी या डावखुऱ्या वादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. तारा दाबायचा हात तोच. प्लास्टिक वितळवून केलेल्या टोप्या बोटांवर चढवून तो वाजवणं नव्यानं शिकला होता. एकतिसाव्या वर्षी त्यानं पुन्हा तशीच उमेद दाखवली.

घटस्फोटाच्या गडबडीत बेसवादक गीझर बटलर काही काळ निघून गेला, तेव्हा बेसही डिओनंच सांभाळला. गीझर परतला आणि एप्रिल १९८० मध्ये ‘हेवन अँड हेल’ बाहेर आला. बिलला मात्र दारूपायी या अल्बमचं रेकॉर्डिंगही पुढे आठवेना. ऑगस्टमध्ये तो दौरा अर्ध्यावर सोडून गेला. त्याच्या जागी विनी अपिसी आला.

स्टेजवर आणखी एक पेच होता. ऑझी दोन बोटं उंचावून शांततेची खूण करायचा आणि ती उचलणं डिओला पटेना. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तर्जनी आणि करंगळी ताठ करायची. त्यानं तोच हात प्रेक्षकांसमोर धरला. आज मुंबई-पुण्याच्या मेटल कार्यक्रमांत पोरं तीच खूण करतात.

मधल्या काळात पांगलेले डिओ, टोनी, गीझर आणि विनी २००६ मध्ये पुन्हा एकत्र आले. ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव त्यांनी ऑझीबरोबरच्या जुन्या संचासाठी राखून ठेवलं आणि स्वतःच्या बँडला नाव दिलं ‘हेवन अँड हेल’.