कारीला कुणी विचारलं नव्हतं

लूमवर धागा तुटला की भिवंडीचा कारागीर बोटांनीच तो शोधतो आणि गाठ मारतो. कुष्ठरोग नेमकी बोटांची ही जाणच हिरावून घेतो. जंतू त्वचेत आणि नसांत शिरतो. आधी उमटतो एक फिकट किंवा लालसर चट्टा. ना खाज, ना दुखणं. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. शंका आलीच, तर 'महारोग' या शब्दाच्या धाकाने गप्प बसतो. पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणाऱ्या माणसाला ती खोली सुटण्याचं भय आजारापेक्षा मोठं असतं.

हा कलंक पुसावा म्हणून जगभर 'हॅन्सनचा आजार' हे नाव रुळवलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण या नावामागेही एका रुग्णाचं दुःख आहे.

नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेरहार्ड आर्मावर हॅन्सन यांनी 1873 साली सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू पाहिला. रोग आनुवंशिक आहे असं तेव्हा मानत, आणि हॅन्सन यांना तो संसर्गाने होतो हे सिद्ध करायचं होतं. अडचण अशी की हा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाही. आजही कृत्रिम माध्यमात तो वाढवता आलेला नाही. 3 नोव्हेंबर 1879 रोजी त्यांनी एका रुग्णाच्या गाठीतला द्रव कारी नील्सडॅटर या 33 वर्षांच्या बाईच्या डोळ्यात टोचला. ती आधीच कुष्ठरुग्ण होती, पण वेगळ्या प्रकारची. तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे हॅन्सन यांनी कोर्टात कबूल केलं. 1880 मध्ये रुग्णालयातलं त्यांचं पद गेलं. देशाचे कुष्ठरोग अधिकारी मात्र ते राहिले. त्यांचं संशोधन थोर होतं, हे मी मनापासून मानतो. तरीही त्या डोळ्याचा विचार पाठ सोडत नाही.

याच हॅन्सनकडून नमुने नेऊन अल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरने शोधाच्या श्रेयावर हक्क सांगितला. पुढे त्याने सिफिलिसच्या रुग्णांचा रक्तद्रव काही स्त्रियांना न सांगता टोचला. 1900 मध्ये त्याला दंड झाला. परम्याच्या जंतूला आजही त्याचं नाव आहे.

आपल्याकडे कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. या आजारावरून घटस्फोट मागण्याची तरतूद जायला 2019 उजाडलं. औषधं मात्र 1980 च्या दशकापासून आहेत: सहा महिने किंवा वर्षभर, सरकारी दवाखान्यात फुकट. ती सुरू झाली की रुग्णापासून इतरांना लागण होण्याची भीती लवकरच संपते.

चट्ट्याची तपासणी साधी असते. डॉक्टर आधी रुग्णाच्या डोळ्यांसमोर, धड त्वचेवर पेनचं टोक हलकेच टेकवून काय करणार ते समजावतात. रुग्णाने मान डोलावली की त्याला डोळे मिटायला सांगतात. मग चट्ट्यावर पेन टेकतं आणि प्रश्न येतो, "कुठे लागलं? बोट ठेवून दाखवा."