दहाव्या बाइटातील आकडा

चिमूरला येणाऱ्या टपालावर ४४२९०३ हा पिन क्रमांक असतो. टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची खुबी अशी, की प्रत्येक अंकाचा अर्थ त्याच्या स्थानावरून ठरतो. पहिल्या अंकाने विभाग कळतो, तर शेवटच्या तीन अंकांनी नेमके डाकघर. ‘चिमूर’ ही अक्षरे ज्याला वाचता येत नाहीत, तोही पत्र योग्य थैलीत टाकू शकतो.

इंटरनेटवरील माहितीसुद्धा अशीच लहान लहान पाकिटांतून जाते. या पाकिटांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी एक शीर्षपट्टी असते. तिच्यात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतोच. पण आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे प्रोटोकॉल क्रमांक. तो पत्ता सांगत नाही. आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे, म्हणजेच पोहोचल्यावर पॅकेट संगणकातील कोणत्या ‘कारकुनाकडे’ सोपवायचे, हे तो सांगतो.

आकडा कोठे शोधावा?

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या ‘आरएफसी ७९१’ या दस्तऐवजात शीर्षपट्टीची रचना ठरली. तीत प्रोटोकॉल क्रमांकाला दहावा बाइट दिला आहे. एका बाइटात ८ बिट असतात, म्हणून येथे ० ते २५५ असे २५६ आकडे बसू शकतात. त्यांतील नेहमी भेटणारे तीन लक्षात ठेवा:

१ – आयसीएमपी: चौकशीचे व अडचण कळवणारे संदेश
६ – टीसीपी: पोच घेऊन, क्रमाने माहिती नेणारा
१७ – यूडीपी: पोचेची वाट न पाहता माहिती धाडणारा

हे पाहण्यासाठी वायरशार्क नावाची मोफत संगणकप्रणाली मिळते. जेराल्ड कोम्ब्स यांनी ती १९९८ मध्ये ‘इथरियल’ या नावाने प्रसिद्ध केली. २००६ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. तिच्यात एका पॅकेटाचे पहिले दहा बाइट असे दिसतील:

४५ ०० ०० ५४ १२ ३४ ४० ०० ४० ०१

पहिला अंक ४, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती. दहावा बाइट ०१, म्हणजे आयसीएमपी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘आयसीएमपी’ हे नाव पॅकेटात कोठेही नाही! तेथे फक्त १ आहे. नाव वायरशार्क आपल्या कोष्टकातून काढून दाखवते.

तीन चकवे

पहिला चकवा संख्यापद्धतीचा. हे बाइट षोडशमान पद्धतीने लिहितात. दहाव्या जागी ११ दिसले, तर ते अकरा नव्हेत; १×१६ + १ = १७, म्हणजे यूडीपी.

दुसरा मोजण्याचा. वायरशार्कमध्ये इंटरनेटच्या पट्टीआधी सहसा इथरनेटची १४ बाइटांची पट्टी दिसते. तेव्हा अगदी सुरुवातीपासून मोजल्यास आपला आकडा चोविसाव्या जागी येतो.

तिसरा नावाचा. वायरशार्कच्या यादीत ‘प्रोटोकॉल’ या रकान्यात ‘डीएनएस’ असे लिहिलेले दिसते. पण ते सर्वांत आतल्या मजकुराचे नाव आहे. पॅकेट उलगडून पाहिले, तर दहाव्या बाइटात बहुधा १७ सापडेल, कारण डीएनएस सहसा यूडीपीच्या पाठीवर बसून प्रवास करते.

पहिला अंक ६ असेल, तर मात्र ही सहावी आवृत्ती. तिची मांडणी निराळी आहे. तिथे हे काम सातवा बाइट करतो आणि आयसीएमपीच्या नव्या रूपाचा क्रमांक ५८ आहे.

याचा उपयोग काय?

समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे आणि पान उघडत नाही. “नेट बंद आहे,” असे म्हणून चंद्रपूरची गाडी धरण्याआधी पॅकेटे पाहावीत. १ क्रमांकाची चौकशी बाहेरच्या एखाद्या संगणकाकडे जाऊन उत्तर घेऊन परतते आहे, म्हणजे वाट शाबूत आहे. १७ क्रमांकाची पॅकेटे संकेतस्थळाचा पत्ता विचारायला ५३ क्रमांकाच्या दाराकडे जात आहेत, पण उत्तर येत नाही. मग बिघाड तारेत नाही. नावावरून पत्ता सांगणारी सेवा मुकी झाली आहे. ती सेवा बदलून पाहिली, तर अर्ज घरबसल्या भरता येण्याची शक्यता आहे.

अर्थात, हा आकडा सर्व काही सांगत नाही. मजकूर कूटबद्ध असेल, तर शीर्षपट्टी वाचता येते, पत्र वाचता येत नाही. आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याचे टपाल चोरून पाहणे जसे गैर, तसेच परवानगीवाचून दुसऱ्याची पॅकेटे पकडणेही गैर. प्रयोग आपल्याच संगणकावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

करून पाहा: शाळेच्या संगणकावर पाच मिनिटे पॅकेटे पकडा. त्यांतील वीस निवडा आणि नावाचा रकाना झाकून प्रत्येकाचा प्रोटोकॉल बाइटांवरूनच ओळखा. पहिला अंक ४ की ६, हे आधी पाहायला विसरू नका. मग रकाना उघडा. जेथे तुमचे उत्तर आणि संगणकाने दिलेले नाव जुळणार नाही, तेथे थांबा. चूक नेमकी कोणाची, की कोणाचीच नाही, हे शोधून काढा.