ग्रंथ राखणारे बेट

सेऊलमधून वाहणारी हान नदी पश्चिमेस जेथे समुद्राला मिळते, तेथे गांगह्वा नावाचे बेट आहे. राजधानीतील राजवाडे आणि दक्षिणेकडील जेजू बेट पाहून परतणाऱ्या परदेशी प्रवाशाची पावले इकडे क्वचितच वळतात. वास्तविक सकाळी सेऊलहून बसने निघालेला माणूस पुलावरून या बेटावर जाऊन सायंकाळी परत येऊ शकतो. आणि तेवढ्या अवधीत कोरियाच्या इतिहासाची कितीतरी पाने त्याच्यासमोर उलगडतात.

त्यांपैकी सर्वांत जुने पान दगडाचे आहे. दोन उभ्या शिळांवर सुमारे ५० टन वजनाची सपाट शिळा ठेवून केलेले एक इतिहासपूर्व थडगे शेतांच्या सान्निध्यात उभे आहे. अशा येथील थडग्यांचा २००० साली जागतिक वारशात समावेश झाला.

परंतु बेटाचे भाग्य घडविले ते त्याच्या खाडीने. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधील या चिंचोळ्या पाण्याला ‘योमहा’, म्हणजे खारी नदी, म्हणतात. भरती-ओहोटीचा जोर विलक्षण आणि काठाला विस्तीर्ण चिखल. १२३२ साली मंगोलांच्या स्वाऱ्यांनी त्रस्त झालेल्या गोरयो राजवंशाने आपली राजधानी येथे हलविली आणि पुढील ३८ वर्षे राज्यकारभार येथूनच चालविला. त्या धामधुमीत बौद्ध ग्रंथांचे जुने लाकडी ठसे जळून गेले होते. तेव्हा बुद्धकृपेने राज्याचे रक्षण व्हावे, या श्रद्धेने सारे त्रिपिटक नव्याने कोरण्याचे काम दरबाराने हाती घेतले व १२५१ मध्ये ते पूर्ण झाले. भारतात जन्मलेल्या धर्माचे वाङ्मय चिनी लिपीत कोरलेल्या त्या ८१ हजारांहून अधिक फळ्या आज दक्षिणेकडील हेइन्सा मठात सुरक्षित आहेत.

पुढे जोसॉन राजवटीनेही मौल्यवान कागदपत्रांसाठी हेच बेट निवडले. गोरयोंच्या जुन्या राजवाड्याच्या जागी राजा जॉन्गजो याने १७८२ मध्ये ‘वेग्युजांगगाक’ हे ग्रंथालय स्थापिले. राजघराण्यातील विवाह, अंत्यसंस्कार आदी विधींची सचित्र हस्तलिखिते तेथे होती. पण १८६६ मध्ये, कोरियात झालेल्या फ्रेंच धर्मोपदेशकांच्या वधाचे निमित्त करून फ्रेंच आरमार चालून आले. सैनिकांनी निवडक ग्रंथ उचलून नेले आणि उरलेले इमारतीसह जाळून टाकले. ज्या खाडीने मंगोल घोडदळाला अडविले, तिचा गलबतांपुढे उपयोग झाला नाही.

तथापि सारेच गेले नाही. बेटाच्या दक्षिण भागात जॉन्गजोक डोंगरावर तटबंदीच्या आत जॉन्दुंगसा हा प्राचीन मठ आहे. जोसॉन राजांच्या बखरींची एक प्रत त्याच्या परिसरात जतन केलेली होती. सेनानी यांग हॉन-सु याने येथे फ्रेंच तुकडीला मागे रेटले आणि त्या बखरी वाचल्या. त्याचा स्मृतिस्तंभ प्रवाशाला तटाच्या दाराशीच दिसतो.

नेलेल्या ग्रंथांचा शोध लागला तो १९७५ साली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करणाऱ्या पाक ब्योंग-सॉन या कोरियन विदुषीने ते तेथेच शोधून काढले. दीर्घ वाटाघाटींनंतर २०११ मध्ये, म्हणजे १४५ वर्षांनी, २९७ ग्रंथ सेऊलला परत आले. मात्र मुदत वाढविता येणाऱ्या उसनवारीच्या कराराने. कोरियन माणसाच्या आनंदात ही सल राहून गेली. बेटावर ग्रंथालयाची इमारत पुन्हा उभारली आहे. पण मूळ ग्रंथ तेथे नाहीत.

दिवस कलताना प्रवासी बेटाच्या उत्तर टोकावरील निरीक्षण-मनोऱ्यावर जातो. समोर नदीमुखाचे पाणी आणि अवघ्या दोन-अडीच किलोमीटरांवर उत्तर कोरियाची शेते. गोरयोंची मूळ राजधानी, आजचे केसाँग शहर, त्याच बाजूला आहे. मंगोलांशी तह झाल्यावर १२७० मध्ये राजदरबार हे पाणी ओलांडून तेथे परतला होता. १९५३ च्या युद्धविरामानंतर मात्र पलीकडे जन्मलेली कित्येक वृद्ध माणसे याच काठावर उभी राहून आपले गाव दुरून पाहत आली आहेत.