सौंदर्य शस्त्रक्रियेत उबेचे महत्त्व

चरबी काढून घेणे, पोटाची सैल त्वचा ताठ करणे, स्तनांचा आकार बदलणे अशा शस्त्रक्रियांचा विचार करताना खर्च, व्रण आणि भूल यांविषयी रुग्ण अनेक शंका विचारतात. शस्त्रक्रियेदरम्यान शरीर किती थंड पडेल, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. वस्तुतः जखम नीट भरण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

निरोगी माणसाच्या शरीराचे आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंडी वाजली की त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, अंग कापू लागते आणि उष्णता टिकून राहते. भूल दिल्यावर ही यंत्रणा मंदावते. रक्तवाहिन्या प्रसरण पावून छाती-पोटातील उष्णता हातापायांकडे पसरते. त्यामुळे पूर्ण भुलीनंतर पहिल्या तासातच तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकते. ते ३६ अंशांखाली गेल्यास त्या अवस्थेला ‘हायपोथर्मिया’ म्हणतात.

सौंदर्य शस्त्रक्रियांत हा धोका वाढतो. पोट, कंबर, मांड्या असे अनेक भाग एकाच वेळी उघडे राहतात. त्वचेवर लावलेले जंतुनाशक द्रव उडून जाताना उष्णता नेतात. शस्त्रक्रियागृह वातानुकूलित असते. लायपोसक्शनमध्ये तर चरबीत काही लिटर औषधमिश्रित सलाईन सोडले जाते. ते कोमट नसेल तर गारवा थेट शरीरात उतरतो.

तापमान घटले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, रक्तस्राव वाढतो आणि भुलीचा अंमल लांबतो. जखमेला होणारा रक्तपुरवठा व प्राणवायू कमी पडल्याने जंतुसंसर्गास वाव मिळतो. १९९६ साली मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थंड पडलेल्या रुग्णांपैकी १९ टक्क्यांना, तर उबदार ठेवलेल्यांपैकी केवळ ६ टक्क्यांना जखमेत संसर्ग झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मात्र ३७ आणि ३५.५ अंशांवर ठेवलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु त्यातील दुसऱ्या गटालाही ३५.५ अंशांखाली उतरू नये म्हणून गरजेनुसार ऊब दिली जात होती. म्हणजे एखाद्या अंशाचा आग्रह सैल करता येईल. तापमानाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

यासाठीचे उपाय साधे आहेत. भुलीपूर्वीच अर्धा तास रुग्णाला ऊब दिली, तर पुढची घसरण कमी होते. गरम हवा खेळवणारे विशेष पांघरूण वापरणे, शिरेतून द्यायचे सलाईन ३७ अंशांपर्यंत तापवणे, ज्या भागावर काम चालू नाही तो झाकून ठेवणे आणि रुग्ण उघडा असेपर्यंत खोलीचे तापमान किमान २१ अंश राखणे, असे ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गरम पाण्याच्या बाटल्या मात्र अंगाला लावू नयेत. बेशुद्ध रुग्णाला चटका जाणवत नाही आणि त्वचा भाजते.

ही शस्त्रक्रिया तातडीची नसते; बहुधा निरोगी व्यक्तीच ती स्वेच्छेने करून घेते. त्यामुळे टाळता येण्याजोगी गुंतागुंत तिच्या वाट्याला येणे अधिकच अनुचित ठरते. भूलतज्ज्ञांशी आधीच्या भेटीत बोलताना ‘शस्त्रक्रियेच्या काळात तापमान कसे मोजणार व कसे राखणार?’ हे रुग्णाने अवश्य विचारावे.