दहा अश्वमेधांचा इम्पॅक्ट फॅक्टर

दशाश्वमेध घाटावर एक डुबकी मारली की दहा अश्वमेधांचं पुण्य, असा इथला भाव आहे. एकास दहा! संशोधन-पत्रिकांच्या बाजारात या हिशेबाला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचे यंदा किती दाखले दिले गेले ते मोजायचं, त्याला निबंधांच्या संख्येनं भागायचं. उत्तर दहा आलं तर संपादक पेढे वाटतात. घाटाचं बरं आहे. त्याला हा आकडा दर जूनमध्ये नव्यानं सिद्ध करावा लागत नाही.

घाटावर बसून डायलिसिसच्या निबंधांचे दाखले मोजायची अवदसा मला का आठवली? कारण दाखला म्हणजे काय, हे मराठी माणसाला काशीत चटकन उमगतं. तीर्थोपाध्याय आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. मग लांबट वही उघडते आणि पणजोबांची मोडीतली सही निघते. खाली आजोबा. त्याच्याखाली पेन तुमच्या हातात. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला, तोही याच धर्तीचा: एक जुना निबंध पकडायचा आणि त्याच्यामागून कोण कोण त्याचं नाव घेत आलं ते पाहायचं.

योगायोग असा, की अशा मोजदादीला सुरुवातीच्या काळात बारशाचं नाव देणारा माणूस याच शहरात नोकरीला होता. शियाली रामामृत रंगनाथन मुळात मद्रासचे गणिताचे मास्तर, पुढे ग्रंथपाल. १९४५ ते ४७ या काळात ते बनारस हिंदू विद्यापीठात होते. तिथलं ग्रंथालय बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून उभं राहिलेलं, म्हणजे पैसा आपल्याकडचाच! १९४८ साली इंग्लंडमधल्या एका परिषदेत रंगनाथन यांनी ग्रंथालयाच्या व्यवहाराला आकडेशास्त्र लावायची कल्पना मांडली आणि तिला 'लायब्रमेट्री' म्हटलं. पण नाव टिकलं ते १९६९ मधलं, अ‍ॅलन प्रिचर्ड यांचं 'बिब्लिओमेट्रिक्स'.

वहीतून पुसलेले पूर्वज

'डायलिसिस' हा शब्द रसायनशास्त्रात रुळवला तो स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी, १८६१ च्या निबंधातून. पदार्थ वेगळे करणारा त्यांचा पडदा होता चर्मपत्रासारख्या कागदाचा. आज किती डायलिसिसवाले त्यांचा दाखला देतात? शोध इतका अंगवळणी पडतो की नाव घ्यायचीच गरज उरत नाही. गुरुत्वाकर्षणाचा उल्लेख करताना न्यूटनची तळटीप कोण देतो?

१९१३ मध्ये अमेरिकेत जॉन अ‍ॅबेल आणि मंडळींनी कुत्र्यांचं रक्त नळ्यांतून फिरवलं. हेपरिन अजून सापडलं नव्हतं, म्हणून रक्त गोठू नये यासाठी जळवांचा अर्क वापरला. आणि डच डॉक्टर विलेम कोल्फ? जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, १९४३ साली, त्यांनी सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पट्ट्यांच्या ढोलावर गुंडाळल्या आणि ढोल क्षाराच्या पाण्यात फिरवला. सुरुवातीचे पंधराएक रुग्ण गेले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई वाचली. गंमत म्हणजे यंत्रावरचा निबंध १९४४ सालीच छापून आला होता.

तिसऱ्या नावाचा माणूस

१९६६ चा एक निबंध सांगतो की मनगटापाशी धमनी शिरेला जोडून द्या, शीर फुगते आणि तिच्यात पुन्हा पुन्हा सुई घालता येते. डायलिसिसवाल्यांच्या हातावरची ती थरथरणारी शीर, बोट ठेवलं तर मांजर गुरगुरावं तशी लागते. जगभर तिला 'ब्रेशिया-सिमिनो फिस्टुला' म्हणतात. प्रत्यक्ष टाके घालणारे सर्जन होते केनेथ अ‍ॅपेल. निबंधावर त्यांचं नाव तिसरं आणि बोलीत ते गळालंच!

२२९ हा आकडा

भारतात दर दहा लाखांमागे दरवर्षी किती जणांची मूत्रपिंडं कायमची निकामी होतात? या प्रश्नावर निबंधामागून निबंधांत २२९ हा आकडा भेटतो. त्यासाठी दाखला दिला जातो २००६ च्या मोदी आणि झा यांच्या अभ्यासाचा, आणि ती मोजणी भोपाळच्या वायुपीडितांच्या नोंदीवर उभी आहे. नेमकी, नावनिशीवार लोकसंख्या हाताशी होती ती तिथेच. अख्ख्या देशाचा आकडा एका दुर्घटनेच्या यादीतून! २०१२ मध्ये मोहन राजापूरकर आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या ५२,२७३ रुग्णांची नोंदवही छापली, तेव्हा जरा हायसं वाटलं.

बनारसचं स्वतःचं पानही दाखल्यांच्या वहीत आहे. हिंदू विद्यापीठातल्या डॉ. जय प्रकाश यांच्या चमूनं बाळंतपणातला रक्तस्राव, दूषित गर्भपात वगैरेंमुळे मूत्रपिंडं अचानक बंद पडणाऱ्या बायकांची वीस वर्षं नोंद ठेवली. मूत्रपिंडं अचानक बंद पडलेल्या एकूण रुग्णांत या बायकांचं प्रमाण १९८२-९१ मध्ये १५ टक्के होतं, पुढच्या दशकात १० वर आलं. या विषयावर लिहिणाऱ्याला हा २००६ चा निबंध टाळून पुढे जाणं कठीण.

पाणी

डायलिसिसच्या एका बैठकीत रक्ताच्या शेजारून सुमारे १२० लिटर पाणी वाहतं. म्हणून ते पाणी कुठलं, यावर इतकं संशोधन. १९९६ साली ब्राझीलच्या कारुआरू गावात शेवाळाचं विष डायलिसिसच्या पाण्यात उतरलं आणि पन्नासच्या वर रुग्ण दगावले. त्या घटनेचे दाखले मूत्रपिंडवाल्यांच्या बरोबरीनं तळ्या-धरणांच्या शेवाळावर काम करणारेही देतात. २०२१ च्या मे महिन्यात इथली गंगा हिरवी झाली होती, तेव्हा मला आधी कारुआरूच आठवलं.

काका काय म्हणाले असते

दाखल्यांत प्रत्येक दशकाची काळजी दिसते. साठच्या दशकात रक्त काढायची नळी. १९८५ नंतर 'केटी बाय व्ही', म्हणजे युरिया किती धुतला याचं गणित. मग २००२ मध्ये 'हीमो' चाचणीनं दाखवलं की नेहमीपेक्षा जास्त धुतल्यानं आयुष्य वाढत नाही. आणि गेल्या दशकात रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून विचारलं गेलं की चाचण्यांत काय मोजायचं. यादीत मृत्यू, हृदय, फिस्टुला यांच्या बरोबरीनं आला थकवा.

आमचे एक काका आठवड्यातून तीनदा यंत्रावर जात. घरी आल्यावर चपला न काढता खुर्चीत बसायचे आणि तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांना ही बातमी दिली असती तर म्हणाले असते, "एवढं विचारायला सत्तर वर्षं लागली होय रे?"