राणीच्या बागेतली झाडे कोण राखते?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांचे बोट धरून. आमचे घर लालबागला, वडील गिरणीत. गावाहून पाहुणा आला की त्याला राणीची बाग दाखवायची, ही गिरणगावातल्या घराघरांतली रीत होती. हत्ती बघायचा, माकडे बघायची, हिरवळीवर डबा उघडायचा आणि उन्हे कलली की परतायचे. झाडे म्हणजे तेव्हा आम्हांला सावलीची सोय. त्यांच्याकडे मान वर करून पाहायला लागलो तोवर मी चाळिशी गाठली होती. वनस्पतिशास्त्राचे माझे शिक्षण नाही, नोकरी हिशेबाची. गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी वही घेऊन बागेत जातो, जुने कागद वाचतो आणि माळीकाम करणाऱ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडतो. या वह्यांमधून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वर आला. दीडशे वर्षे ओलांडलेली सार्वजनिक बाग नेमकी कशामुळे टिकते?

बागेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण आजच्या अडचणींची मुळे तिथेच आहेत. १८३०च्या दशकात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची वनस्पतींची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि संस्थेला माझगावच्या माउंट इस्टेटवर नवी जागा मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ लोकांसाठी खुली झाली. शेजारच्या संग्रहालयाची कोनशिलाही त्याच दिवशी बसली. ते संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. उद्यानाला पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले, तरी बोलण्यात ती राणीची बागच राहिली.

बाग सांभाळणारी संस्था मात्र फार काळ तग धरू शकली नाही. १८७३ साली ती बंद पडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. १८९०च्या सुमारास आणखी जमीन जोडून तिथे प्राणी ठेवण्यात आले. वनस्पतींसाठी जन्मलेली बाग इथून लोकांच्या मनात प्राण्यांची बाग झाली. एकाच कुंपणात आता दोन वेगळ्या गरजा नांदतात. प्राण्यांना पिंजरे, पाणी, भिंती आणि प्रेक्षकांसाठी रुंद वाटा लागतात. झाडांना मोकळी माती लागते. बागेचे व्यवस्थापन म्हणजे या दोघांमधला रोजचा तंटा सोडवणे.

हा तंटा २००७ साली चव्हाट्यावर आला. आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारण्याचा सुमारे ४३३ कोटी रुपयांचा आराखडा पुढे आला, तेव्हा मुंबईतल्या काही नागरिकांनी, त्यांतही प्रामुख्याने स्त्रियांनी, त्याला विरोध केला. विरोध करणारे पुष्कळ असतात. यांच्या हातात झाडांची यादी होती. सुमारे तीन हजार वृक्ष आणि २८० हून अधिक जाती. गोरखचिंच, कृष्णवड, सीतेचा अशोक, कैलासपती, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी अशी नावे त्यांनी लोकांपुढे ठेवली. वारसा समितीच्या आक्षेपांनंतर तो आराखडा आटोपता घ्यावा लागला. ‘हिरवाई वाचवा’ असे म्हटले की समोरून ‘दुप्पट झाडे लावू’ हे उत्तर तयार असते. हा कृष्णवड वाचवा, असे नाव घेऊन म्हटले की तेच उत्तर देणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

यादीने झाड तोडणे थांबते. पण जुनी झाडे कुऱ्हाडीशिवायही मरतात. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक करून मातीच्या वरच्या हात-दीड हातात पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. नळासाठी किंवा वाटेच्या कडेसाठी चर खणला की ती तुटतात. झाड लगेच पडत नाही. एखाददोन पावसाळे ते हिरवेच दिसते आणि मग एका वादळी रात्री उन्मळून येते. दोष वाऱ्यावर जातो, चर कोणाच्या लक्षातही नसतो. बुंध्याशी ओतलेले काँक्रीट याहून संथपणे तेच काम करते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या एका प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. वडासारख्या विस्तीर्ण झाडाला एक मीटरही अपुराच.

दुसरी गोष्ट पालापाचोळ्याची. स्वच्छ झाडलेली बाग आपल्याला नीटनेटकी वाटते. पण उघडी माती उन्हाने तापते, पायांखाली दबून घट्ट होते आणि पावसाचे पाणी आत मुरण्याऐवजी वाहून जाते. झाडाने खाली टाकलेले झाडालाच परत मिळाले पाहिजे: पाने मुळांवर आच्छादन म्हणून राहावीत, उरलेल्यांचे खत व्हावे. तृणभक्षक प्राण्यांचे शेण त्या खतात मिसळता येते, म्हणजे दोन भांडखोर शेजाऱ्यांचा एकमेकांना थोडा उपयोगही होतो.

तिसरी गोष्ट वारसांची. एकाच काळात लावलेली झाडे एकाच काळात म्हातारी होतात. सीतेच्या अशोकाचे बी रुजते, त्याची फार काळजी नाही. उर्वशीला बी क्वचितच धरते. तिची गुटी बांधून रोप करावे लागते. म्हणजे आजचे झाड धडधाकट असतानाच उद्याचे रोप तयार पाहिजे. हे काम कोणत्याही निविदेत उठून दिसत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही.

मग या कामांवर लक्ष कोण ठेवणार? इथे बागेतल्या लोकोपक्रमांचा प्रश्न येतो. पूर्वी मी त्यांना करमणूक समजत असे. हिवाळ्याच्या अखेरीस महापालिका बागेत फुलाफळांचे, भाज्यांचे प्रदर्शन भरवते. त्याला जोडून बागकामाची कार्यशाळा असते. बाग वाचवणाऱ्या मंडळींनी लोकांना झाडे दाखवत फिरवण्याचा नियमित पायंडा पाडला. एकदा मीही उत्साहाने शाळेतल्या मुलांचा एक गट घेऊन गेलो. एका झाडाखाली थांबून नाव सांगितले, गुण सांगितले. शेजारी पाने गोळा करणारे एक माळीकाका ऐकत होते. मुले पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले, “साहेब, हे ते नव्हे. ते पलीकडचं. ह्याचं पान चुरगाळून वास घ्या.” मी वास घेतला. दोन वर्षे मी वहीत चुकीचे नाव लिहीत आलो होतो. मुलांना परत बोलावून चूक सांगितली, आणि पुढची फेरी काकांनीच घेतली. गोरखचिंचेचे फूल रात्री उमलते आणि वटवाघळे तिचे परागकण नेतात, हे त्यांनी ज्या थाटात सांगितले तसे मला अजून जमत नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी समजल्या. बागेचे ज्ञान फार थोड्या माणसांत साठलेले असते, आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर जाते. दुसरे असे की, ज्या मुलाने ते पान चुरगाळले, त्याला ते झाड पडलेले कळेल. राज्यातल्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडण्यापूर्वी सूचना लावून हरकती मागवण्याची तरतूद आहे. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले. पण हरकत घ्यायला झाड ओळखीचे असावे लागते. अनोळखी झाडासाठी कोणी अर्ज लिहीत नाही.

बाग संस्थेच्या हाती असती तर बरे झाले असते, असे काही मित्र म्हणतात आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे उदाहरण देतात. ती बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया याच नावाची संस्था सांभाळते. जानेवारीतले पुष्पप्रदर्शन आणि मुलांची चित्रकला स्पर्धा यांमुळे पुण्यातल्या कित्येक पिढ्यांचे त्या बागेशी नाते जुळले आहे. तरी तिथल्याही जागेवर सरकारी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव आला होता, आणि तिथेही नागरिकांनाच आवाज उठवावा लागला. मालक कोण, यापेक्षा बागेची ओळख किती जणांना आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच प्रवेशशुल्काचा प्रश्न मला झाडांइतकाच जवळचा वाटतो. पेंग्विन आल्यानंतर २०१७ साली ५ रुपयांचे तिकीट ५० रुपये झाले. आईवडील व दोन मुले मिळून १०० रुपये. खर्च वाढतो, हिशेबनीस म्हणून मला ते कळते. पण आजी, आत्या, गावचा पाहुणा या चौकटीत बसत नाहीत. माझ्या वडिलांनी असा हिशेब केला असता, तर पाहुण्याला गिरगावची चौपाटी दाखवून परत आणले असते, आणि मला ही बाग भेटली नसती.

माळीकाका आता निवृत्त झाले. त्यांनी सांगितलेली नावे मी वेगळ्या वहीत, प्रत्येकाच्या जागेसकट, उतरवून घेतली आहेत. एकसष्ट झाली, काही राहून गेली. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावी जाऊन उरलेली विचारायची आहेत.